आबांचा होकार

अंबाजोगाईला शिकून मी गावात सून म्हणून आले आणि पुढे दूध संस्थेची सचिव झाले. तिथं एक रीत होती. चेअरमनच्या घरची किटली सगळ्यांत आधी यायची आणि न तपासताच ओतली जायची. मान होता तो. बाकीच्यांचं दूध चेअरमनचा भाचा तपासायचा, त्याच्या मर्जीने. वस्तीवरचे गुरंवाले वैतागून दूध नेणाऱ्या खासगी गाडीकडे वळू लागले होते. ते गेले असते तर संस्थेला टाळंच लागलं असतं.

मी ठरवलं, मशीन आणायचं. प्रत्येकाचं दूध सगळ्यांसमोर तपासायचं. पण चेअरमनच्या, म्हणजे आबांच्या, होकाराशिवाय एकही संचालक मान हलवत नसे. मी भांडायच्या तयारीनेच गेले.

आबा म्हणाले, "आन की. कावून थांबलीस?"

इतकं सहज? गळका पत्रा बदलायलाही चालढकल करणारा हा माणूस! कुठंतरी पाणी मुरतंय, मला खात्रीच होती. मशीन बिघडवतील, नाहीतर भाच्यालाच त्यावर बसवतील. मशीन आल्यापासून खोलीची किल्ली मी पदराला बांधून फिरत होते.

पहिल्या सकाळी वस्तीवरचे लांबच उभे राहिले. त्यांच्यातली एक म्हातारी ओरडली, "आदी मोठ्या घरचं दूध घाला त्यात, मग आमचं बघू!"

रीतीप्रमाणे पहिली किटली आबांची. त्या दिवशी ती स्वतः आबांनी आणली होती. मशीनने पाणी दाखवलं, तेही लई. चेअरमनचं दूध परत कसं करायचं?

"पानी हाय. न्हाई घ्यायचं," आबाच म्हणाले आणि किटली उचलून चालू लागले.

म्हातारीने आपली किटली पुढे सरकवली. तिच्यामागे हळूहळू रांग लागली.

दुपारी मी आबांच्या ओट्यावर जाऊन सरळ विचारलं, "पाणी मुद्दाम घातलंत का?"

"नारायणगडाची आन घिऊन व्हय म्हनलं, तर इश्वास ठिवशील?"

मी पदराची गाठ चाचपली.

"आनि रोजच पानी घालतो म्हनलं तर?"

त्यावर मी लगेच विश्वास ठेवला असता. आबांना ते माझ्या तोंडावर दिसलं, आणि ते हसले.

संस्था आजही चालू आहे. आबांची किटली अजून पहिलीच येते. मी ती दोनदा तपासते.