आज सुपरवायझरला खाडीत फिरवला

मंडळी, आज जेद्दाच्या ओभूर खाडीत आमच्या कामगार कॅम्पची पिकनिक होती. मोटरबोट माझ्या हातात, कारण दाभोळ खाडीकाठी वाढलेला मी एकटाच.

बोटीत आमचा सुपरवायझरही होता. बहिणीच्या लग्नाला रजा मागितली, तेव्हा महिनाभर रोज "बुकरा", म्हणजे उद्या, म्हणणारा हाच. लग्न माझ्याशिवाय झालं.

मी बोट मुद्दाम लाटेला आडवी ठेवून, म्हणजे जास्त डोलेल अशी, सावकाश फिरवत राहिलो. तो पांढराफटक पडला. "किनाऱ्याला घे रे बाबा."

"बुकरा," मी म्हटलं.

दोन तासांनी उतरला, ओकला आणि म्हणाला, "रजेचा अर्ज आण, लगेच सही करतो."

म्हटलं, "साहेब, मला बहीण एकच आहे."

कॅम्पमधले म्हणतायत, आता सोडून दे. तुम्ही सोडलं असतं?