पाटील सरांचं संकटाचं कपाट

वाचनालयात पुस्तकं लोक घरी नेतात, किस्से मात्र माझ्या टेबलावर सोडून जातात. आगरदांड्याच्या अलीकडच्या आमच्या गावात मी ग्रंथपाल आहे. त्यातले निम्मे किस्से एकट्या पाटील सरांच्या कपाटाचे!

मागच्या वादळात गावात तीन आठवडे वीज नव्हती. तेव्हाच निवृत्त पाटील सरांनी ठरवलं, गाव स्वावलंबी झालं पाहिजे. पाणी कसं साठवावं, चूल कशी बांधावी, रानात काय खावं, अशा चाळीस पुस्तकांची लिस्ट करून त्यांनी ती सगळी आणलीसुद्धा. आमचे अध्यक्ष अण्णा यांनी कपाट दिलं, पण अट घातली. "वर्षात पन्नास वाचक झाले पाहिजेत. नाहीतर कपाट स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांना!"

तेव्हापासून सरांचा सगळा जीव त्या कपाटात.

*

पहिला वाचक म्हणजे सर स्वतः. रानभाज्यांचं पुस्तक घेऊन डोंगरावर गेले, चित्रं ताडून पाहत चार तासांनी पिशवीभर पाला घेऊन आले. घरी पाटीलकाकूंसमोर ठेवून म्हणाले, "दुष्काळात माणूस यावर जगू शकतो!"

काकूंनी पिशवीत डोकावलं. "हा टाकळा. परवा केला होता, तेव्हा नाक मुरडून लोणच्याशी जेवलात!"

*

मग आली इमर्जन्सी बॅग. टॉर्च, शिट्टी, दोरी, बिस्किटं, चिवडा, सगळं पुस्तकाबरहुकूम. बॅग दाराशी खुंटीला. सर दर रविवारी तपासायचे. एका रविवारी बिस्किटं गायब, चिवडाही गायब!

"अगं, हे फक्त आणीबाणीत उघडायचं होतं!"

"आणीबाणीच होती," काकू म्हणाल्या. "तुमच्या बहिणीकडचे सातजण न कळवता आले."

*

एकदा दिघीला जाताना सरांनी फेरीबोटीत कंपास काढला, दिशा पाहिली आणि बोट हाकणाऱ्या तांडेलाला म्हणाले, "थोडं डावीकडे घे."

तांडेल म्हणाला, "सर, ती समोर दिसते ना, ती दिघी हाय."

*

सगळ्यात चिकाटीची वाचक सुरेखा. घरी सासू, दोन दीर, जावा, पोरं. जंगलात एकट्यानं घर बांधून राहणाऱ्या माणसाचं पुस्तक तिनं तीनदा रिन्यू केलं. मी विचारलं, "काय गं, जंगलात जायचा विचार आहे का?"

"न्हाय ओ मॅडम. पण त्याच्या घरात किती शांतता हाय!"

सरांनी रजिस्टरमध्ये तिची तीन वाचक म्हणून नोंद करायला सांगितली. मी नाही केली. आजही थोडं वाईट वाटतं.

*

या जूनमध्ये पुन्हा वादळाचा इशारा आला. कपाट भिंतीत बसवलेलं, आणि कौलं नेमकी तिथेच गळकी. मौल्यवान वस्तू हवाबंद ठेवा, असं प्रत्येक पुस्तकात होतं. पण चाळीस पुस्तकं मावतील एवढं हवाबंद काही सरांकडे नव्हतं! सर रडवेले होऊन उभे.

शेजारच्या जनाबाई कोळणीनं ते पाहिलं. पावसाळ्याची बेगमी म्हणून भरलेलं सुकटीचं, म्हणजे सुक्या मासळीचं, निळं पिंप तिनं रिकामं केलं, सुकट घरातल्या भांड्यांत कोंबली आणि सरांची पुस्तकं पिंपात भरून झाकण आवळलं.

वादळ गेलं. आठ दिवसांनी पुस्तकं कोरडी ठणठणीत बाहेर आली आणि पुन्हा कपाटात गेली. सरांनी एक हुंगलं. "जनाबाई, वास गं!"

"भिजली तर न्हाय ना?"

महिनाअखेरीला वर्ष पुरं झालं, तसे अण्णा आले. रजिस्टर मोजलं. एकतीस. सर चष्मा पुसत राहिले.

"मग उद्यापासून परीक्षेची पुस्तकं इथे," असं म्हणत अण्णांनी कपाट उघडलं. लगेच बंद केलं. खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

"सर, हे कपाट तुमच्याकडेच राहू दे. आणि दार जरा घट्ट लावत जा!"