मागच्या खेपेचं सांग

चष्मा कपाळावर ढकलायचा, शेजारच्या रिकाम्या बाकड्यावर तळहाताने थोपटायचं आणि म्हणायचं, "बस. घाई आहे?"

ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या आमच्या इमारतीत मतं मागायला जो कोणी आला, त्याचं स्वागत बाईंनी असंच केलं. उमेदवाराला घाई असायचीच. तरी तो मुकाट बसायचा. कारण वरच्या गॅलऱ्यांमधून सगळ्या बायका वाकून बघत असायच्या, आणि मतं तिथे होती.

बाई पालिकेच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. तळमजल्यावर एकट्या राहायच्या. गाडीतून उतरलेला पुढारी असो की दूधवाला, सगळ्यांना त्या 'अरे तू' म्हणायच्या. मत कोणाला द्यायचं, हे मात्र त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. "मी परीक्षा घेते," म्हणायच्या, "निकाल तुम्ही लावा."

एकदा एका उमेदवाराने त्यांच्यासमोर पानिपतची लढाई मराठ्यांना जिंकून दिली. आवाज खणखणीत, हात वर. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरं झालं सांगितलंस," म्हणाल्या. "इतकी वर्षं आम्ही उगाच रडत होतो." अख्खी इमारत हसली. आम्हाला वाटलं, याची वाट लागली. पण बाईंनी त्याला उठवलं नाही. "ते राहू दे. पानिपत चुकलं तर पुस्तकात बघता येतं. मागच्या खेपेचं सांग. तुझ्या आधी जो निवडून आला, त्याने इथे काय केलं?" यावर तो नुसतं कोकम सरबत पिऊन गेला.

हे सगळं पाहूनही मला काही कळलं नव्हतं, हे पुढच्या हकिगतीवरून तुमच्या लक्षात येईलच.

माझा मेहुणा अविनाश, आमचा अवि, शेजारच्या नाहूरला राहायचा आणि मरोळच्या एका कारखान्यात होता. एके वर्षी तो पालिकेच्या निवडणुकीला अपक्ष उभा राहिला. पोरगा मनापासून उभा होता. नाल्याचं घाण पाणी दर पावसाळ्यात त्यांच्या चाळीत शिरायचं, ते त्याला थांबवायचं होतं. आमच्या इमारतीची मतं मिळाली तर त्याला आशा होती, आणि ती मतं बाईंच्या बाकड्यावरून जात होती.

"भाऊजी, बाईंचं काय करायचं?" त्याने विचारलं.

"ते माझ्यावर सोड," मी म्हणालो.

मी स्वतःला इतिहासाचा जाणकार समजत असे. म्हणजे दर शिवजयंतीला मंडळाच्या व्यासपीठावरून भाषण करत असे आणि लोक ते संपेपर्यंत थांबत, कारण नंतर बटाटेवडे असत. मी अविकडून पुरंदरचा तह घोकून घेतला, गडांची नावं म्हणून घेतली. पानिपत कोण हरलं, ते तर दोनदा.

रविवारी सकाळी तो बाकड्यावर बसला. मी मागे उभा, परीक्षेला मुलगा बसवलेल्या बापासारखा. अविने सुरुवातच दणक्यात केली. "बाई, मागच्या खेपेला निवडून आलेल्यांनी या वॉर्डात काडीचं काम केलेलं नाही." हे वाक्यही माझंच होतं.

बाईंनी आत जाऊन तांब्याभांडं आणलं. "दमलास. पाणी पी."

तो प्यायला.

"कुठून आलं हे?"

"नळातून," अवि म्हणाला.

"मागच्या निवडणुकीच्या वेळी नळाला पाणी होतं?"

अविने माझ्याकडे पाहिलं. मी गडांची नावं आठवत होतो. तेवढ्यात वरून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "ह्यांना काय विचारता, बाई? आम्ही गेटजवळून हंडे चढवत होतो. ह्यांना जाग यायची तेव्हा बादली भरलेली असायची. नवी लाइन आली, ते ह्यांना अजून ठाऊक नसेल."

ठाऊक नव्हतंच. आणि ती लाइन त्याच नगरसेवकाने खटपट करून आणली होती, ज्याने काडीचं काम केलं नव्हतं.

गॅलऱ्या हसल्या. अवि मात्र हसला नाही. "बाई, मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "वर जाऊन विचारू का?"

"विचार की. जिने तुझ्यासाठीच आहेत."

तो दुपारपर्यंत दारोदार विचारत फिरला. संध्याकाळी चौकात त्याची सभा होती. मी बजावलं, "हे बघ, तिथे काही बोलू नकोस. समोरच्याची स्तुती करून कोणी निवडून येत नाही."

"पण खरं आहे ना, भाऊजी."

आणि माइकसमोर उभा राहून तो म्हणाला, "पाण्याची लाइन आत्ताच्या नगरसेवकांनी आणली. काम चांगलं झालं. नाला राहिला. तो मी करीन."

अवि हरला, आधीचेच नगरसेवक निवडून आले. डिपॉझिट वाचलं, एवढंच.

निकालानंतर तो बाईंकडे गेला, मी सोबतीला. "बाई, तुमच्यामुळे हरलो," तो म्हणाला. रागाने नव्हे, पण म्हणाला.

बाईंनी बाकडं थोपटलं. सरबत दिलं. म्हणाल्या, "हरलास खरा. मलाही वाईट वाटलं. पण उद्या तू निवडून आलास आणि कोणी म्हणालं, अविनाशने काडीचं काम केलं नाही, तर त्याला विचारायला मी इथे बसलेली असेन."

अविने मान खाली घातली. त्याला कोणी इतकं मोठं आश्वासन दिलं नसावं. एरवी आश्वासनं तोच देत फिरत होता.

बाईंना ते पाळता आलं नाही. पुढची निवडणूक येण्याआधी, एका दुपारी झोपेतच त्या गेल्या. बाकडं कोणी हलवलं नाही.

मग प्रचार सुरू झाला आणि तेच नगरसेवक पुन्हा हात जोडत आले. बाकड्यापाशी थांबले. गॅलरीतून कोणी काही विचारलं नाही. ते आपणहून बसले, अर्ध्या बाकड्यावर, उरलेली जागा सोडून. म्हणाले, "नाल्याचं तुमच्या अविनाशने चौकात बोलून दाखवलं, म्हणून मागे लागलो. माझ्या हातून अर्धाच झालाय."

वरून सौभाग्यवती म्हणाल्या, "त्यांना पाणी द्या हो कोणीतरी."

मीच उठलो. हल्ली सकाळचं पाणी मी भरतो.