न्हाणीघराची कडी
मागच्या उन्हाळ्यात किनवटकडच्या एका वसतिगृहातल्या मुलींवर अन्याय होत होता. न्हाणीघराला कडीच नव्हती. एकीनं दार धरायचं, तेव्हा दुसरीनं आंघोळ करायची. मी त्यांच्या मदतीला गेले होते. वसतिगृह ज्यांच्या हाताखाली होतं त्या नव्या अधिकाऱ्यांना अर्ज लिहायला आम्ही बसलो, तर नुसत्या आडनावावरून बाई की पुरुष कळेना. “ताई, बाप्या असला तर आंघोळीचं कसं लिवावं? लाज वाटून राहिली,” एक पुटपुटली. मी नुसतं ‘गैरसोय’ लिहिणार, तोच दहावीतली एक उसळली, “खुर्चीला लिव्हा की! खुर्चीला काय मिशा हायत?” सगळ्या खिदळल्या. वर ‘माननीय प्रकल्प अधिकारी’ एवढंच घातलं आणि खाली सगळं उघड मांडलं. आठवड्यात कडी बसली. आजही कुठं कडी खट्कन लागली की ते खिदळणं आठवतं आणि बरं वाटतं. तुमच्या गावातल्या वसतिगृहाला कडी आहे का? आजच जाऊन बघा. नसेल तर न लाजता लिहा.