माथ्यावरून शीळ आली नाही

नेस्टा प्रॉसरला मी ओळखत होतो असं म्हणणं धाडसाचं होईल. आमच्या दोघांच्या कुरणांमध्ये एकच दगडी बांध, तरी तिच्या दाराच्या आत मी क्वचितच गेलो. जे पाहिलं तेवढंच लिहितो.

शरदात मेंढ्या डोंगरावरून उतरवायला आम्ही सगळे शेजारी रांग धरून चढतो. ज्याची त्याची जागा ठरलेली. ती सोडली की फट पडते आणि मेंढ्या पलीकडच्या खोऱ्यात. शीळ एकाकडून दुसऱ्याकडे जाते, म्हणजे रांग शाबूत. माथा नेस्टाचा. तिचा नवरा वारल्यावर रांगेतला शेजारी ग्रिफ तिला म्हणाला होता, "आता खालची जागा घे, बाई."

"गुडघे तुझे कुरकुरतात, माझे नाहीत."

त्या वर्षी अचानक धुकं उतरलं. मी माथ्याच्या लगेच खाली होतो. खालून ग्रिफची शीळ आली, मी वर दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. नाही. माथ्यापलीकडे सरळ कडा आहे. मी जागा सोडली.

नेस्टा कड्याच्या टोकाशी पालथी पडली होती. मदतीला शीळ घालायला मी बोटं तोंडात घातली, तोच तिने माझं मनगट धरलं.

"गप! मॉट खाली आहे."

खाली कड्यातल्या अरुंद पट्टीवर चार मेंढ्या आणि त्यांच्या अलीकडे तिचा कुत्रा मॉट दबून बसलेला. त्याच्याशिवाय तिच्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

"हाक मार ना त्याला," मी कुजबुजलो.

"शीळ काय, हाक काय, तो आधी मेंढ्यांना वळसा घालणार. मीच शिकवलंय. वळशाला जमीन कुठे आहे तिथे?"

खालून पुन्हा ग्रिफची शीळ. मॉटचे कान उभे राहिले.

"बस रे बाळा. बस." आवाज अगदी शांत, नखं माझ्या मनगटात रुतलेली.

किती वेळ गेला कोण जाणे. धुकं विरळ झालं तशा मेंढ्या एका घळीतून आपणहून वर आल्या आणि माझ्याच फटीतून पलीकडे पसार झाल्या. आता वळसा घालायला काही उरलं नव्हतं. तिने हळूच नाव घेतलं. मॉट सरळ वर आला.

"काय रे, वर चहापाणी होतं वाटतं?" खाली ग्रिफने मला गाठलं. माझे कान तापले.

"होतं," नेस्टा म्हणाली. "तुला बोलावलं नव्हतं."

त्याच हिवाळ्यात नेस्टा वारली. मेंढ्या उतरवल्या त्या संध्याकाळी आम्ही दोघं बांधातल्या फाटकापर्यंत बरोबरच आलो होतो.

"फाटक लावून घे हं, एल्विन," ती मला म्हणाली.

"लावतो."