डोंगर त्यांचा, धूळ आमची

मी वाढले आदिलाबाद शहरात. घरात मराठी, शाळेत तेलुगू आणि बाजारात हिंदी. लग्न होऊन नेरडीगोंड्याकडच्या एका खेड्यात आले तेव्हा सासरी माझ्या पदवीचं कुणाला काही वाटलं नाही, आणि भाकरी तर मला थापताच येत नव्हत्या. पण मला तेलुगू बोलता येतं हे कळल्यावर माझ्या चुलत सासूबाईंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "मंग तू संघात ये. भाकरी काय, कोणीबी थापते."

या चुलत सासूबाई म्हणजे गावच्या महिला संघाच्या अध्यक्ष. सगळं गाव त्यांना काकू म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. ठेंगण्या, कपाळभर कुंकू, आणि आवाज असा की शेतातून हाक मारली तर शेजारच्या शेतातले बैलही उभे राहत. आमचा संघ तोवर बचतीचं आणि कधीमधी दारूवाल्याला शिव्या घालण्याचं काम करत असे. मग गावाच्या उगवतीच्या डोंगरावर खडी फोडणारं गिट्टीचं क्रशर बसलं आणि आम्हाला खरं काम मिळालं.

रोज दुपारी डोंगरात सुरुंग उडायचा. छपरावरचे कवेलू हलायचे, म्हशी दूध चोरायच्या, आणि मागोमाग धूळ यायची. राखेसारखी बारीक धूळ. ती कापसाच्या बोंडात शिरायची, अंथरुणात शिरायची, झाकलेल्या दुधावर साय धरावी तशी बसायची. त्या वर्षी आमचा कापूस भैंशाच्या बाजारात गेला तर व्यापाऱ्याने मूठभर हातात घेतला, झटकला, आणि म्हणाला, "अम्मा, ये कपास है या सिमेंट?"

काकू सोबत होत्या. त्यांची हिंदी मराठीतूनच निघायची. "सिमेंट रहता तो तेरेकू काऊन देते? घर नहीं बांधते?"

व्यापारी हसला, पण काकू परतीच्या वाटेवर एक शब्द बोलल्या नाहीत. हे लक्षण आम्हाला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी संघाची बैठक बसली आणि ठरलं की सोमवारी जिल्ह्याला जाऊन दरखास्त द्यायची.

अडचण एवढीच होती की नेमका तेव्हाच जिल्हा फुटला होता. एकाचे अनेक झाले होते. कोणतं गाव कुठे गेलं याच्या गप्पा पारावर रंगायच्या, पण आमचं गाव जुन्याच जिल्ह्यात राहिलंय एवढं पक्कं कळलं होतं. म्हणून आम्ही ऑटोत दाटीवाटीने बसून जुन्या जिल्ह्याला गेलो.

तिथल्या कचेरीतले साहेब वयस्कर होते, शांत होते. काकूंनी पदर खोचला आणि सुरुवात केली. सुरुंग, कवेलू, म्हशी, कापूस, भैंशाचा व्यापारी, त्याच्या बापाची दानत, सगळं त्या एका दमात बोलल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सांग."

मी तेलुगूत म्हटलं, "सारू, क्रशरच्या धुळीचा फार त्रास आहे."

काकूंनी डोळे बारीक केले. "मी येवढं बोलली अन् तू येवढ्यात आटपलं?"

"काकू, तेलुगूत कमी शब्द लागतात."

"मंग पैसे परत माग शाळेचे."

साहेबांना मराठी कळत नसावं असं मी धरून चालले होते, पण त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी नकाशा मागवला. नकाशा नवा होता, घडी मोडायला दोघे लागले. साहेबांनी त्यावर बोट फिरवलं, थांबवलं आणि म्हणाले, "आ गुट्टा मादि कादु." तो डोंगर आमचा नाही. गाव आमचं, डोंगर नव्या जिल्ह्याचा. तुम्ही तिकडे जा.

पुढच्या सोमवारी आम्ही नव्या जिल्ह्याला गेलो. तिथे कचेरी नुकतीच बसत होती. दारावरची पाटी दोरीने बांधलेली, आत रंगाचा वास, आणि बाहेर एका ट्रकमधून खुर्च्या उतरवणं चाललेलं. आम्हाला बघून तिथला कारकून म्हणाला, खुर्च्या लागल्याशिवाय साहेब बसणार नाहीत आणि साहेब बसल्याशिवाय दरखास्त घेता येणार नाही. काकूंनी ट्रककडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "चला गं बायांनो."

आम्ही खुर्च्या उतरवल्या. डोक्यावरून एकेक आत नेली. एक टेबलही नेलं, ते दारात अडकलं तेव्हा त्याला आडवं करून कसं काढायचं हे आमच्यातल्या कोपऱ्यावरच्या घरातल्या वहिनींनी हमालांना सुनावलं. काम झाल्यावर साहेब आले. तरुण होते, नवे होते, आणि आम्हाला कंत्राटदाराच्या बाया समजून म्हणाले, "ते कपाट त्या खोलीत." आम्ही कपाटही लावलं. मग काकूंनी हात झटकले आणि दरखास्त पुढे केली.

या वेळी मी सगळं भाषांतर केलं, व्यापाऱ्याच्या बापासकट. साहेब लाजले, आमच्यासाठी चहा मागवला, नकाशा पाहिला. डोंगर आमचाच आहे, म्हणाले. पण डोंगरावर कुणी राहत नाही, तिथून कुणाची तक्रार नाही. धूळ पडते ती जागा जुन्या जिल्ह्यात. पडलेल्या धुळीची तक्रार तिकडेच करावी लागेल.

ऑटोत परत येताना वहिनी म्हणाल्या, "म्हंजे डोंगर त्याईचा अन् धूळ आपली."

काकू बाहेर बघत होत्या. "दोघाले एका पंगतीत बसवा लागते," त्या म्हणाल्या.

संघाचा वार्षिक मेळावा भरवायचं निमित्त काढलं. जागा ठरली गावच्या तळ्याच्या बांधावरची, म्हणजे बरोबर दोन्ही जिल्ह्यांच्या हद्दीवर, आणि डोंगराच्या समोर. मी दोन्ही साहेबांना जाऊन निमंत्रण दिलं. जुन्या साहेबांना सांगितलं की नवे येणार आहेत, नव्यांना सांगितलं की जुने येणार आहेत. दोघेही हो म्हणाले. क्रशरच्या मॅनेजरलाही काकूंनी स्वतः बोलावलं. मी म्हटलं, "त्याला कशाला?" तर म्हणाल्या, "त्याच्याच डोंगरासमोर जेवून राह्यलो, त्याले सोडून कसं जेवाचं?"

त्या दिवशी आम्ही पहाटेपासून राबलो. जवारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, तुरीचं वरण, भजी, गव्हाची खीर. दोन जिपा आल्या. मॅनेजर पांढरा शुभ्र शर्ट घालून आला, दोन्ही साहेबांना वाकून नमस्कार केला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की डोंगर गप्प आहे. यंत्राचा आवाज नाही. ट्रक नाहीत. मशिनच बंद. हवा अशी निर्मळ की डोंगरावरची झाडं मोजून घ्यावीत.

जुन्या साहेबांनी चष्मा पुसला, चारी दिशांना पाहिलं. "धूळ कुठे आहे, अम्मा?" त्यांनी तेलुगूत विचारलं.

मॅनेजर नम्रपणे म्हणाला, "सर, थोडीबहुत कधी उडते. पाणी मारतो आम्ही."

मी काकूंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "साहेब दुरून आले," त्या म्हणाल्या, "आधी जेवण. धुळीचं मंग पाहू."

आणि मग त्यांनी वाढायला सुरुवात केली. असं वाढणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. भाकर संपायच्या आत भाकर. नको म्हणणाऱ्या हातावरून भाजी. जुन्या साहेबांना साखरेचा आजार, तर खीर त्यांच्या ताटाला दाखवून नव्या साहेबांच्या ताटात दुप्पट. मधेच बायकांनी गाणी धरली. मग सत्कार. मग सत्काराचे नारळ कमी पडले म्हणून एकीला गावात पाठवलं, ती येईपर्यंत पुन्हा भजी. मॅनेजर घड्याळ बघू लागला. त्याचा फोन सारखा वाजत होता आणि तो बाजूला होऊन हलक्या आवाजात बोलत होता. मी खिरीचं पातेलं घेऊन त्याच्या मागे उभी होते, म्हणून मला ऐकू आलं, "अरे, गड्ढे भर गये तो मैं क्या करूँ? गाडियाँ निकल जाने दो, फिर उडाओ."

म्हणजे सुरुंगाची भोकं भरून तयार होती. साहेबांच्या जिपा गेल्या की बार उडणार होता. मी जाऊन काकूंच्या कानात सांगितलं.

काकूंनी मान हलवली, जणू मी मीठ कमी पडल्याचं सांगितलं होतं. मग त्या जिपांच्या ड्रायव्हरांकडे गेल्या. दोघे जेवून झाडाखाली बसले होते. "बाबू," त्या म्हणाल्या, "साहेबाले जेवणावर पान लागते. आमच्या गावात पान नाही भेटत. हायवेवरून आणता का? दोघंबी जा, दोघाचे साहेब येगयेगळे."

ड्रायव्हरांना हे पटलं. मॅनेजर तेव्हा फोनवर होता, डोंगराकडे तोंड करून. दोन्ही जिपा धुरळा उडवत बांधावरून गेल्या आणि वळणाआड दिसेनाशा झाल्या.

"साहेब," काकू पंगतीकडे परत येत म्हणाल्या, "आता दहीभात."

तेलुगू माणसाला दहीभाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, हे मीच काकूंना शिकवलं होतं. दोन्ही साहेब खुलले. पांढऱ्या भातावर पांढरं घट्ट दही, बाजूला लोणच्याची फोड. जुन्या साहेबांनी पहिला घास कालवला.

आणि डोंगर उडाला.

पायाखालचा बांध हलला. मांडवाचा एक खांब तिरका झाला. नवे साहेब ताट घेऊन उभे राहिले, जुने साहेब बसल्या जागी ताटावर ओणवे झाले. मॅनेजर फोनमध्ये ओरडत होता, "किसने बोला? किसने बोला निकल गये?" पण तोवर क्रशरही घरघरू लागलं होतं, कारण डोंगरावरच्या माणसांना वाटत होतं की आपण खोळंबलेलं काम भरून काढतोय. मग ती आली. आधी डोंगराभोवती करडा ढग झाला, मग तो वाऱ्यावर आमच्याकडे सरकला, आणि हळूहळू, अगदी निवांतपणे, आमच्या मेळाव्यावर उतरला.

धूळ विरली तेव्हा मी दोन्ही साहेबांच्या ताटाकडे पाहिलं. दहीभात करडा झाला होता. नव्या साहेबांच्या भुवया पिकल्या होत्या. मॅनेजरचा शर्ट आता पांढरा नव्हता. पंगतीत फक्त शिंका ऐकू येत होत्या.

काकू दह्याचं भांडं घेऊन पुढे झाल्या. "अजून वाढू का, साहेब?"

मी तेलुगूत सांगायला तोंड उघडलं, तर जुने साहेब हात वर करून स्वच्छ मराठीत म्हणाले, "नको बाई. समजलं." त्यांची पहिली नोकरी महाराष्ट्राच्या सीमेवरच्या तहसीलमध्ये झाली होती, हे नंतर कळलं. म्हणजे त्या पहिल्या सोमवारी काकूंचं बोलणं आणि माझं आखूड भाषांतर, दोन्ही त्यांना कळलं होतं. मी लाजेने खाली पाहू लागले.

मग एक चमत्कार झाला. जो डोंगर कुणाचा नव्हता, तो दोघांचा झाला. नवे साहेब म्हणाले, मी आजच नोटीस काढतो. जुने म्हणाले, पंचनामा माझ्या हद्दीत होईल, धूळ माझ्याकडे पडली. नवे म्हणाले, निघाली माझ्याकडून. दोघे धुळीने माखलेले, हातात उष्टी ताटं, आणि त्या धुळीवरून असे भांडले की आम्हाला मधे पडावं लागलं. तेवढ्यात ड्रायव्हर पानं घेऊन आले आणि आपल्या साहेबांना ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला.

क्रशर त्या दिवशी लगेच हललं नाही. आधी सुरुंग बंद झाले, मग काही दिवस खरंच पाणी मारलं गेलं, मग तक्रारीवर तक्रार, आमच्या आणखी खेपा, आणि शेवटी मालकाने यंत्र उचलून वस्तीपासून लांब नेलं. दोन्ही जिल्ह्यांनी ते आपणच हलवल्याचं सांगितलं. आम्ही दोघांचेही आभार मानले.

काकूंना मी कितीदा विचारलं, ड्रायव्हरांना मुद्दाम पाठवलं ना? दर वेळी त्या भोळा चेहरा करत. "साहेबाले पान नको का? तुमच्या शहरात पाव्हण्याले पान नाही देत?"

सुरुंग बंद झाल्यावर गावात काही दिवस भलताच घोळ झाला. कारण शेतातली माणसं सुरुंगाच्या आवाजावर जेवायला घरी यायची, हे आमच्या कुणाच्या ध्यानातच नव्हतं. आता बारच उडेना. माझे यजमान उन्हं कलल्यावर चिडून घरी आले, भाकरी वाळून कडक झालेल्या. "बोलवाचं तरी," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी शेताकडे तोंड करून हाक मारली, ती कुंपणापर्यंतही पोचली नाही. काकू त्यांच्या ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, उभ्या राहिल्या आणि एकदाच हाक दिली. माझे यजमान आले. त्यांच्या मागोमाग आणखी चार घरांचे पुरुषही आले.