कानात सांगायचं नाव

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ती पाळण्यात वाकून "कुर्र" करते आणि जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. आमच्या आत्याला तो धपाटा फार हवा होता. म्युनिसिपालिटीची सभासद होती ती. भर सभेत भल्याभल्यांची बोलती बंद करायची. पण मनात हौस होती ती एवढीशी, आणि ती तिने आमच्यापासून कधी लपवली नाही.

लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच तिचे यजमान विषमज्वराने गेले आणि ती कल्याणला आमच्या घरी परत आली. बाबांनी धाकट्या बहिणीला शिकवलं, ती मास्तरीण झाली. पांढरं पातळ, मोकळं कपाळ आणि काखेत छत्री. शाळेतल्या पोरी गैरहजर राहिल्या की ही त्यांच्या दारात उभी. त्यामुळे पारनाक्यापासून खाडीकाठच्या कोळीवाड्यापर्यंत तिला घर न् घर ठाऊक. देश स्वतंत्र झाल्यावर ती निवडणुकीला उभी राहिली तेव्हा बाबा म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण!" ती निवडून आली. बायकांनी तिला भरभरून मतं दिली. त्याच बायका हळदीकुंकवाला मात्र तिला बोलवायच्या नाहीत. मला याचा तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

एकदा कोळीवाड्यातली एक बाई अडली. ठाण्याच्या इस्पितळात न्यायची म्हणून टांग्यात घातली, तर स्टेशन यायच्या आधीच गेली. तिचं डोकं आत्याच्या मांडीवर होतं. त्या दिवशी आत्या घरी आली ती न्हाणीघरात जाऊन किती तरी वेळ पाणीच ओतत राहिली. पुढच्या सभेत तिने गावासाठी प्रसूतिगृह मागितलं.

"बाई, तुम्हाला हो बाळंतपणातलं काय ठाऊक?" एका वकील सभासदांनी हसत विचारलं.

"मागच्या सभेत आपण स्मशानातल्या शेडवर बोललात," आत्या म्हणाली. "तेव्हा आपण कुठे जळून आला होतात?"

ही गोष्ट बाबा पुढे पाहुण्यांना रंगवून सांगायचे. आत्या हसायची नाही. वकिलांचा तो प्रश्न तिला कुठे लागला होता, ते आईला कळलं होतं.

सभांमागून सभा भांडून तिने शेवटी प्रसूतिगृह पदरात पाडून घेतलं. तळ्याजवळचं एक कौलारू घर, थोड्या लोखंडी खाटा, एक नर्सबाई आणि एक आया. उद्घाटनाला अध्यक्षांच्या पत्नीने दिवा लावला आणि मग बायकांचं हळदीकुंकू झालं. करंडा ओळीने फिरत आत्यापर्यंत आला आणि तिला ओलांडून पुढे गेला. आत्याने तेवढ्यात खुर्च्या नीट करायला घेतल्या. खुर्च्या सरळच होत्या.

आणि मग तिथे कुणी फिरकेना. दवाखान्यात माणूस मरायला जातं, बाळंत व्हायला नव्हे, असं लोक म्हणत. तेव्हा आईला दिवस गेले होते. माझ्या पाठची दोन मुलं आईने घरच्या अंधाऱ्या खोलीत जन्माला घातली होती आणि दोन्ही गेली होती. आत्या तिच्यापुढे जाऊन बसली.

"वहिनी, तुम्ही आलात तर गाव येईल. माझ्यावर भरवसा ठेवा."

आईने ठेवला. घाबरत घाबरत गेली आणि गुटगुटीत मुलगा घेऊन घरी आली. ते बघून खरंच गाव आलं. आधी कोळणी आल्या, मग बाजारपेठेतल्या सुना, शेवटी त्या वकिलांची लेकसुद्धा आली. आत्या नुसती तरंगत होती. तिने भाच्यासाठी झबलं शिवलं, टोपडं शिवलं आणि मला म्हणाली, "या वेळी माझी पाठ शेकून निघणार बघ!"

मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. बारशाच्या आदल्या दिवशी मी आईजवळ बसले होते. आत्या झबलं घेऊन आत आली. आईने बाळाला छातीशी धरलं आणि खाली बघत म्हणाली,

"वन्सं, रागावू नका. नाव शेजारच्या काकूंना ठेवू द्या. माझी दोन गेली आहेत हो. मला भीती वाटते."

आई दुष्ट नव्हती. आत्या जेवल्याशिवाय ती कधी जेवली नाही. म्हणूनच मला त्या वाक्याचा अर्थ लागायला वेळ लागला, आणि लागला तेव्हा तो पचला नाही. आत्याने झबल्याची घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली. "बरोबर आहे तुमचं," म्हणाली. बारशाच्या वेळी ती प्रसूतिगृहात गेली. तिथे पाण्याच्या टाकीचं काही काम निघालं होतं म्हणे. पाळण्याशी वाकलेल्या काकूंच्या पाठीत बायकांनी खच्चून धपाटे घातले. मी घातला नाही.

पुढे माझं लग्न झालं, मी नाशिकला गेले आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. आत्याच्याच प्रसूतिगृहात मला मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. तिसऱ्या दिवशी दुपारी नर्सबाईंनी तिचे पाय चोळायचे थांबवले, तिला माझ्या कुशीत ठेवलं आणि आईकडे बघून नाही अशी मान हलवली.

मला एकच सुचत होतं. हिला नाव नाही. बारसं बाराव्या दिवशी, आणि मान माझ्या नणंदेचा, ती नाशिकला. मी रडत तेच तेच म्हणत राहिले, "आई, हिला नाव नाही गं."

आत्या भिंतीशी उभी होती. आईने तिच्याकडे पाहिलं.

"वन्सं, तुम्ही ठेवा नाव."

सभेत कुणाचं ऐकून न घेणारी माझी आत्या भिंतीपासून एक पाऊल पुढे आली. मग तिने हळूच विचारलं, "आता चालेल, वहिनी?"

आईने पदर तोंडात कोंबला.

आत्या वाकली. माझ्या मुलीच्या कानाशी तोंड नेऊन तिने "कुर्र" केलं आणि नाव सांगितलं. खोलीत आई होती, नर्सबाई होत्या, दाराशी आया होती. कुणाचा हात उठला नाही. मी खाटेवरून हात लांब केला आणि आत्याच्या पाठीत हलकेच एक धपाटा घातला.